कोरं पोट

अबोलीला सकाळी शी झाली की घरातली मोठी माणसं टाळ्या वाजवत.

सुरुवातीला तिलाही त्याची मजा वाटायची. तीन वर्षांची पोर पिवळ्या भांड्यावर बसलेली, समोर पाटावर आजी, स्टुलावर बाबा आणि दाराला टेकून आई. काम झालं की टाळ्या. मग आई हातमोजे चढवून सगळा ऐवज हॉस्पिटलनं दिलेल्या स्टीलच्या डब्यात भरायची. झाकण दाबलं की डबा स्वतःच आतली हवा ओढून बाहेर टाकायचा, झाकणावर हिरवा ठिपका लागायचा, आणि खाली स्कूटर घेऊन थांबलेला माणूस तो डबा हायवेकडेच्या कॅन्सर हॉस्पिटलात पोचवायचा. तिथं खाटेवर पडलेल्या वृषालीआत्यानं फोनवर म्हटलंही होतं, "अबू, आपल्या अख्ख्या घराण्यात एवढा मान कुणाच्या शीला मिळाला नव्हता बघ." सगळे हसले. अबोलीची आई शर्वरीही हसली, पण तिची नजर झाकणावरच्या ठिपक्यावर होती. ठिपका लागला नाही तर वृषालीताईचा एक दिवस वाया. आणि वाया घालवायला तिच्याकडे दिवस उरले नव्हते.

वृषाली ही अबोलीच्या बाबाची, निनादची, थोरली बहीण. लग्न केलं नाही, कोल्हापुरातल्या निम्म्या पोरांना तलावात ढकलून पोहायला शिकवलं, आणि कळंब्याच्या फ्लॅटमध्ये आई, भाऊ, भावजय यांच्यासोबत राहिली. शर्वरीला माहेरी आई नव्हती, म्हणून तिचं बाळंतपणही वृषालीनंच केलं. बारशाला नाव ठेवायचा हक्क आत्याचा. तो तिनं ठासून बजावला. दोन अक्षरी, इंग्रजीत लिहायला सोपी अशी सगळी नावं बाजूला सारून 'अबोली' म्हणून पाळण्यात कुजबुजली, आणि पोर निघाली अखंड बडबडी.

मग वृषालीच्या मोठ्या आतड्यात गाठ सापडली. ऑपरेशन छान झालं, गाठ निघाली, सर्जन हसत बाहेर आले. चार दिवसांनी टाक्यांच्या कडा लाल झाल्या. मग पू. मग तो वास, जो एकदा नाकात बसला की घरी येऊन अंघोळ केली तरी जात नाही. एकामागून एक औषधं झाली. जे शेवटचं म्हणून कपाटात कुलूप लावून ठेवलेलं असतं, तेही झालं. जखम उघडीच राहिली.

डॉक्टर तांबोळींनी नवराबायकोला समोर बसवून समजावलं होतं. मध्यम वयाची, शांत बोलणारी बाई. जखमेत शिरलेले जंतू बाहेरून आलेले नाहीत, त्या म्हणाल्या, वृषालीच्याच आतड्यातले आहेत. प्रत्येकाच्या पोटात अब्जावधी जिवाणू राहतात. बहुतेक निरुपद्रवी, बरेचसे उपकारी, आणि कोपऱ्यात दबून बसलेले चार गुंड. कॅन्सरच्या पेशंटला ऑपरेशनच्या आधी आणि नंतर अँटिबायोटिक द्यावंच लागतं. त्यात गरीब जिवाणू मरतात. गुंडांपाशी औषध तोडायची हत्यारं असतात, ते उरतात. आणि आतड्याला कापलंय, शरीर थकलंय, अशा वेळी त्यांना जखमेपर्यंतचा रस्ता मोकळा मिळतो.

"एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना," त्या म्हणाल्या, "चांगले जिवाणू तेच करतात. सगळ्या सीटवर त्यांचे रुमाल. गुंड चढला तरी त्याला टेकायला जागा नाही, तो पुढच्या थांब्याला उतरतो. आपण औषध देऊन सगळी गाडीच रिकामी केली. आता मारायला औषध नाही. जागा भरणं एवढंच हातात आहे."

जागा भरायला लागते ती कधीही अँटिबायोटिक न लागलेल्या पोटातली अख्खी वसाहत. विष्ठेतून ती वेगळी काढायची, हवा न लागू देता एक दिवस वाढवायची, निम्मी गोळीत भरून पेशंटच्या आतड्यात सोडायची आणि निम्मी मलमासारखी जखमेवर पसरायची. गोठवून ठेवता येत नाही, कारण त्यातले सर्वांत नाजूक तेच सर्वांत गरजेचे, आणि ते गोठवल्यावर मरतात. म्हणून रोज ताजं. आणि परक्याची वसाहत सहजी रुजत नाही. एका छताखाली, एका चुलीवरचं खाणाऱ्याची रुजते.

हॉस्पिटलच्या भाषेत अशा पोटाला 'कोरं' म्हणत. अशी पोटं आता राहिली होती कुठं? बहुतेक बाळांना जन्माआधीच आईच्या रक्तातून औषध पोचायचं. उरलेल्यांना पहिल्या सर्दीला. जे सुटले त्यांना कोंबडीतून, दुधातून. सगळ्या जिल्ह्यात ओंजळभर मुलं कोरी निघाली होती, आणि त्यांत अबोली होती.

ती कोरी राहिली होती शर्वरीमुळे. शर्वरीचं कामच चुका शोधायचं. यंत्रानं भाषांतर केलेली शाळेची पुस्तकं ती घरी बसून वाचायची आणि यंत्राच्या नजरेतून निसटलेलं टिपायची. निनाद म्हणायचा, हिला दिवसात एक तरी चूक सापडली नाही तर जेवण जात नाही. हीच नजर तिनं पोरीवर लावली होती. दूध कुठून येतं, अंडी कुणाची, डॉक्टर सर्दीला काय लिहून देतात. खोकला झाला की अडुळशाचा काढा, आणि पोर खणखणीत होईपर्यंत उशाशी बसून राहायचं. सासूबाईंनी तेव्हा टोमणे मारले होते, की पोरीला शोकेसमध्येच ठेव, वरून काच लाव. आता त्याच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, आमच्या सुनेनं फार जपलं हो.

डबे जाऊ लागल्यावर जखमेचा रंग पालटला. पू कमी झाला, ताप चढायचा पण पूर्वीइतका नाही. तांबोळी म्हणाल्या, रुमाल पडायला लागलेत, अजून बूड टेकलेलं नाही, डबा चुकवू नका. मग घरानं अबोलीभोवती कडं केलं. बालवाडी बंद. वाढदिवसांना नकार. खाली बागेत जायचं तर इतर मुलं घरी गेल्यावर. शेजारच्या काकू शिंकल्या म्हणून निनादनं त्यांच्या तोंडावर दार लोटलं. आजी घास भरवताना ताटात भाजी किती उरली ते बघायची, आणि बाबा ऑफिसमधून आल्यावर पोरीला उचलून घ्यायच्या आधी विचारायचा, "आज झाली ना नीट?"

एके दिवशी बिल्डिंगच्या फाटकापाशी एक गृहस्थ उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात मोठी बाहुली. त्यांनी बाहुली अबोलीला दिली आणि शर्वरीला हात जोडले. त्यांची बायको वृषालीच्याच मजल्यावर होती. रुजेल न रुजेल, ते म्हणाले, पण एक दिवसाचा डबा आम्हाला द्या, फक्त एक दिवसाचा. बोलता बोलता ते खाली वाकले आणि अबोलीच्या पोटाकडे पाहू लागले. चेहऱ्याकडे नाही, पोटाकडे. शर्वरीनं बाहुली परत त्यांच्या हातात कोंबली, पोरीला कडेवर घेतलं आणि जिन्यानं वर आली. अबोली तिन्ही मजले बाहुलीसाठी रडत होती. दार लावून शर्वरीनं आतून कडीही घातली.

अबोली कोरी असल्याची बातमी बाहेर कुणी सांगितली ते शोधायला नको होतं. निनादनंच ऑफिसात अभिमानानं सांगितलं होतं. आणि लोकांना आता हा शब्द चांगला ठाऊक झाला होता. स्थळांच्या जाहिरातींत 'गोरी'च्या जागी 'जन्मापासून कोरी' असं छापून येऊ लागलं होतं.

त्यानंतर दोनच दिवसांनी अबोली सकाळी भांड्यावर बसली आणि टाळ्या वाजायच्या आधीच आईच्या खांद्यावर डोकं टाकून म्हणाली, "मला गरम होतंय."

मुलांच्या दवाखान्यात घोरपडे डॉक्टरांनी तिच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तळहाताएवढ्या यंत्रावर टाकला, पाठीला नळी लावली, आणि फ्रॉक वर करून शर्वरीला दाखवलं. श्वास घेताना बरगड्यांच्या खाली खड्डा पडत होता. डाव्या फुप्फुसात न्यूमोनिया सुरू झाला होता, आणि तो विषाणूचा नव्हता, जिवाणूचा होता. नशीब चांगलं, ते म्हणाले, हिच्यातल्या जंतूवर आपलं जुनं, साधं औषध अजून चालतंय. उशीर केला तर ते पुरणार नाही. आजच सुरू करायचं. अँटिबायोटिक आता डॉक्टरच्या कोडशिवाय दुकानात मिळत नसे. त्यांनी तो शर्वरीच्या फोनवर पाठवला.

तिनं दवाखान्याच्या पायरीवर बसूनच तांबोळींना फोन लावला. मांडीवर अबोली, भट्टीसारखी तापलेली. तांबोळींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की एक डोस पोटात गेला की तो डबा माझ्या कामाचा नाही. आज थांबलं तर गुंड परत बसतील. अजून दोनतीन दिवस मिळाले तर कदाचित नाही बसणार.

"मी काय करू, मॅडम?"

"मला विचारू नका," तांबोळी म्हणाल्या. "माझी पेशंट वृषाली आहे. माझं उत्तर तुमच्या कामाचं नाही."

घरी आल्यावर बोलणं झालं ते स्वयंपाकघरात, दबक्या आवाजात, जणू पलीकडच्या खोलीत निजलेल्या पोरीला सगळं समजणार होतं. निनादचं म्हणणं, ताप आहे हे कबूल, पण पोर पाणी पितेय, हाक मारली की बघतेय. उद्यापर्यंत थांबू. उद्या वाटलं तर देऊ. सासूबाई लसूण सोलत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "ताप कुठल्या पोराला येत नाही गं? ह्याला तर दर महिन्याला यायचा. मी गवती चहा पाजून बरा करायची."

"आई, ह्याला न्यूमोनिया नव्हता," शर्वरी म्हणाली.

"मला काय कळतंय त्यातलं," सासूबाई म्हणाल्या. "माझी लेक तिकडं उघड्या पोटानं पडलीय, एवढंच कळतंय मला."

शर्वरीला वृषालीचा हात आठवला. बाळंतपणात तिची पाठ रगडणारा, तलावाच्या पाण्यानं कायम जरा खरखरीत. तिला वाटलं, आता आपण तोंड उघडलं की तो हात आपल्याच हातानं सोडणार. तरी तिनं तोंड उघडलं. "औषध आजच द्यायचं, निनाद. मला थांबता येणार नाही."

निनादनं तिच्याकडे पाहिलं. मग मान हलवली. "बरोबर आहे तुझं," तो म्हणाला, "चुकलो मी." किल्ली घेऊन तोच खाली उतरला, औषध घेऊन आला. पाणी उकळून गार केलं, बाटलीत बाणाच्या खुणेपर्यंत ओतलं, आणि पहिला डोस त्यानंच पाजला. अबोलीनं ओठ चाटले आणि अजून मागितलं. शर्वरी मोरीत जाऊन नळ सोडून रडली. सुटल्यासारखं वाटत होतं, आणि त्याचीच लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरायचं काम निनादनंच अंगावर घेतलं आणि तो खाली देऊनही आला. शर्वरीनं विचारलं तेव्हा म्हणाला, तांबोळी मॅडमना एकदा तपासून बघायचंय. ताप उतरला नव्हता. घोरपडे फोनवर म्हणाले, औषधाला थोडा वेळ लागतो, डोस चुकवू नका. डोस चुकत नव्हता. निनाद गजर लावून देत होता.

त्याच्याही पुढच्या दिवशी अबोली बोलायची थांबली. तेच शर्वरीला सर्वांत भयंकर वाटलं. ताप, खोकला, नाकपुड्या फुलणं हे सगळं पुस्तकात असतं. पण उशीवर डोकं टेकून छताकडे बघत पडलेली, काहीही न मागणारी, कशालाच नाही न म्हणणारी अबोली कुठल्या पुस्तकात नव्हती. भिंतीवरचं घड्याळ, पंखा, श्वास. शर्वरी श्वास मोजायला लागायची आणि मधेच घाबरून सोडून द्यायची.

दुपारी निनाद हॉस्पिटलात होता. डोसची वेळ झाली म्हणून तिनं फ्रिज उघडला, दारातली बाटली उचलली आणि तिचा हात थांबला.

पावडर कालवून केलेलं औषध उभं राहिलं की तळाशी साका बसतो. पांढरट, बारीक रांगोळीसारखा. म्हणून तर बाटलीवर लिहिलेलं असतं की हलवून घ्या. ही बाटली सकाळपासून फ्रिजच्या दारात उभी होती आणि तळाशी काहीच नव्हतं. तिनं ती खिडकीशी नेऊन उजेडात धरली. नारिंगी, स्वच्छ, पलीकडचे गज दिसत होते. तिनं झाकण उघडून थेंबभर जिभेवर घेतलं. गोड. नुसतं गोड, अबोलीच्या व्हिटॅमिनच्या औषधासारखं, पाणी घालून पातळ केलेलं. पावडर त्यात कधी नव्हतीच.

ती तिथंच उभी राहिली. घरात काही हललं नव्हतं. ओट्यावर कुकर होता, हॉलमध्ये सासूबाई जप करत होत्या. ज्या घरात ती चार वर्षं डोळे मिटून वावरली होती, तिथं आता पुढचं पाऊल कुठं टाकावं ते तिला कळेना. सासूबाईंना माहीत आहे का? लसूण सोलताना त्या वर का बघत नव्हत्या?

तिनं बाटली पर्समध्ये टाकली, अबोलीला चादरीसकट उचललं आणि दाराकडे निघाली. सासूबाईंनी विचारलं, कुठं निघालीस. तिनं उत्तर दिलं नाही. सासूबाई उठून मागे आल्या, तशी ती जिन्यावरून जवळजवळ पळत सुटली. म्हातारी फक्त पोरीची चप्पल द्यायला आली होती की अडवायला, हे तिला पुढं कधीच समजलं नाही.

घोरपड्यांनी अबोलीला पाहताच ऑक्सिजन लावला. सुई शोधताना त्यांनी विचारलं, किती डोस झाले? शर्वरी म्हणाली, एकही नाही. त्यांनी एकदाच तिच्याकडे पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. साध्या औषधाची वेळ निघून गेली होती. शिरेतून मोठं औषध सुरू झालं, दोन प्रकारचं.

निनाद आला तेव्हा शर्वरी काचेबाहेरच्या बाकावर बसली होती. तिनं बाटली दोघांच्या मधे ठेवली. त्यानं नाकारलं नाही.

"मी नजर ठेवून होतो, शर्वरी. सारखा श्वास बघत होतो. जरा जास्त झालं असतं तर लगेच..." तो बाकाच्या कडेला बसला. "ताईचा ताप आज उतरलाय. पूर्ण. जखम कडेनं भरायला लागलीय."

शर्वरी काचेतून अबोलीकडे बघत राहिली.

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"विचारलं होतंस," शर्वरी म्हणाली. "आणि मी नाहीच म्हणाले होते."

दोघी वाचल्या. ह्यात काही चमत्कार नव्हता. घोरपड्यांचं औषध वेळेच्या जरा अलीकडे पोचलं आणि तांबोळींचे रुमाल बूड टेकून बसले. तांबोळींनी तर सांगितलं, की शेवटच्या त्या दोन डब्यांनी काम केलं. त्यांना वाटत होतं की घरच्यांनी विचार करून औषध लांबवलं. कुणी त्यांना वेगळं सांगितलं नाही. वृषालीलाही नाही. ती घरी आली, वाळून काडी झालेली, पोटावर हात धरून चालणारी, पण आली. आल्याआल्या अबोलीला मांडीवर घेऊन बसली, आणि आजी दोघींवरून मीठमोहऱ्या उतरवायला लागली. लोक पेढे घेऊन आले. निनादच्या पाठीवर थाप मारून गेले, भाऊ असावा तर असा म्हणून.

शर्वरी अबोलीच्या खोलीत झोपायला लागली. पोर आजारातून उठलीय, एवढं कारण सगळ्यांना पुरलं. निनादशी बोलणं राहिलं ते गॅस, भाजी, विजेचं बिल एवढ्यापुरतं. तो पाया पडायचाच बाकी होता, पण त्याचा काही उपयोग नव्हता. तो पोरीला घास भरवायला बसला की शर्वरीचा पाय ताटाजवळून निघत नसे. एकाच गोष्टीचं तिला समाधान होतं. अबोली आता कोरी नव्हती. फाटकाशी आता कुणी बाहुली घेऊन येणार नव्हतं.

आणि मग घोरपड्यांनी तिला एकटीलाच बोलावून घेतलं.

घरी सोडल्यानंतर त्यांनी अबोलीची एक तपासणी मागवली होती. त्या दोन मोठ्या औषधांनी तिच्या पोटातली गाडी पार रिकामी केली होती. आणि रिकाम्या गाडीत कोण चढलं होतं ते कागदावर छापलेलं होतं. तोच जंतू. वृषालीच्या जखमेतला, कशालाच न बधणारा. हॉस्पिटलच्या खाटेवरून आला असेल, घरातून आला असेल, शोधून उपयोग नाही, ते म्हणाले. आज पोरीला काही त्रास नाही. पण उद्या खेळताना हाड मोडलं, अपेंडिक्स दुखलं, कुठंही सुरी लावायची वेळ आली तर तो जागा होईल, आणि तेव्हा कपाटात औषध नसेल.

"मग?"

"तिची स्वतःची जुनी वसाहत परत पेरायची. परक्याची धरेल याची खात्री नाही, तिची धरेल. पण महिन्याभराच्या आत. एकदा नवं बस्तान पक्कं झालं की नाही धरत." त्यांनी तो कागद तिच्या हातात दिला. "ती आता एकाच ठिकाणी शिल्लक आहे. तिच्या आत्याकडे. रोजचा डबा, साधारण दोन आठवडे. आत्यांची केमो कधी सुरू व्हायचीय?"

केमो सोमवारी सुरू व्हायची होती. केमोबरोबर जंतू चढू नयेत म्हणून पहिल्या दिवसापासून अँटिबायोटिकही. सोमवारनंतर वृषालीच्या पोटातलं काहीच उपयोगाचं राहणार नव्हतं. हॉस्पिटलचे निरोप इतके दिवस शर्वरीच्याच फोनवर येत होते, त्यामुळे तारीख तिला तोंडपाठ होती.

"अजून ठरलं नाही," ती म्हणाली.

बाहेर येऊन तिनं तांबोळींना फोन केला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, केमो थोडी पुढं गेली तर चालेल का. तांबोळींनी सरळ सांगितलं. गाठीच्या आजूबाजूला पेशी पसरलेल्या सापडल्या होत्या. जखमेपायी आधीच फार उशीर झालाय. अजून लांबवणं म्हणजे कॅन्सरला दार उघडून देणं. कुणाला हवंय लांबवायला? वृषालीला?

"नाही," शर्वरी म्हणाली. "त्यांना जरा अशक्तपणा वाटतोय, म्हणून. मी कळवते."

घरी आली तेव्हा ऊन गॅलरीतून आत आलं होतं. वृषाली हॉलमध्ये जमिनीवर सतरंजी टाकून बसली होती. समोर हॉस्पिटलात न्यायची बॅग उघडी, आणि मांडीत अबोली. ती आत्याच्या पोटावरच्या व्रणावरून बोट फिरवत विचारत होती, ही आगगाडी कुठं जाते. वृषाली म्हणाली, मिरजेला. मिरजेच्या पुढं? मिरजेच्या पुढं पोट संपलं. दोघी हसत सुटल्या.

शर्वरी चपला न काढताच उभी राहिली. विचारायचं. एवढंच तर करायचं होतं. समोर बसून सांगायचं, ताई, असं असं झालंय. आणि वृषाली हो म्हणेल. विचारतेस काय, म्हणेल, घे की. शर्वरीला याची खात्री होती. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना बुडू दिलं नाही, ती घरच्या पोरीला नाही म्हणेल?

पण वृषालीनं बॅगेत वरच पोहायचा नवा पोशाख ठेवला होता. केमोच्या बॅगेत. त्रेचाळीस वर्षांची बाई, मरणाच्या दारातून नुकतीच परत आलेली, जगायला हपापलेली. ती हो म्हणायच्या आधी एखादा क्षण थांबली तर? डोळे खाली गेले तर? आणि समजा, समजा तिनं म्हटलं, की शर्वरी, मला जगायचंय गं? शंभरात एखादी शक्यता. हजारात. शर्वरीनं ती मनात धरून पाहिली आणि तिच्या लक्षात आलं, की तेवढीही तिला पेलणार नाही. विचारणं म्हणजे नाही ऐकायची तयारी ठेवणं, आणि तिची तयारी नव्हती.

"आलीस होय?" वृषाली म्हणाली. "सोमवारी किती वाजता निघायचंय गं? हॉस्पिटलचा फोन आला होता का?"

"आला होता," शर्वरी म्हणाली. आवाज इतका सरळ आला की तिचा तिलाच परका वाटला. "त्यांच्याकडं काहीतरी दुरुस्ती निघालीय. दोन आठवड्यांनी बोलावलंय. तोवर रोज सकाळी तपासणीला एक डबा पाठवा म्हणाले, तुमचा."

"माझा?" वृषाली हसली. "म्हणजे आता टाळ्या मला." तिनं बॅगेची चेन लावली आणि बॅग बाजूला सारली. "बरं झालं बाई. तेवढेच चार दिवस मोकळे."

दाराशी चाहूल लागली म्हणून शर्वरीनं मान वळवली. निनाद केव्हा येऊन उभा राहिला होता कोण जाणे. हातात वृषालीसाठी आणलेल्या शहाळ्यांची पिशवी होती. सोमवारची वेळ त्यानं आज सकाळीच तांबोळींकडून पक्की करून घेतली होती, हे शर्वरीला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मुठीत चुरगळलेल्या कागदाकडे, मग अबोलीकडे. तो काय काय समजला आणि किती, ते ती पाहू शकत होती. ओळीमागून ओळ वाचावी तसं.

"काय रे, असा का उभा?" वृषालीनं विचारलं.

शर्वरी वाट बघत राहिली. त्यानं एक शब्द बोलायचा अवकाश होता.

निनादनं पिशवी भिंतीशी ठेवली, खाली वाकून बुटाची नाडी सोडायला घेतली, आणि किती तरी वेळ मान वर केली नाही.